माझ्या पोटातल्या अक्षता

मित्रांनो, आधी हात धुऊन या. साबणाने. मगच माझ्याजवळ बसा. मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि माझी निम्मी कहाणी माणसांच्या न धुतलेल्या हातांची आहे. ती सांगताना मला आजही शिसारी येते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी इतका चकचकीत होतो, की माझ्या काळ्या पाठीत माणसाला आपले तोंड दिसे. हिंगणीच्या नानाजींनी मला वर्ध्याहून आणले, आपल्या बी-बियाण्यांच्या दुकानासाठी. लोक बियाणे घ्यायला येत आणि मलाच बघत बसत. मीही फुशारून जात असे.

पण नानाजींना खर्ऱ्याचा नाद. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ते तळहातावर घोटत, चिमूटभर गालात कोंबत आणि त्याच बोटांनी माझ्यावर बिल टाइप करत. शी! भरल्या तोंडाने फोनवर बोलू लागले की माझ्या पडद्यावर तांबडे शिंतोडे उडत. पुसायला दुकानात एकच फडके होते, आणि त्याच फडक्याने ते कीटकनाशकाचे डबेही पुसत.

सगळ्यांत वाईट दिवस दसऱ्याचा. तुम्ही म्हणाल, पूजा झाली म्हणजे मानच की. मान होताच. दुकानाचा तराजू, कुलूप आणि मी, असे तिघे पाटावर बसायचो. नानाजी मनापासून हात जोडत. पण ओले हळदकुंकू माझ्या बटणांवर फासत, झेंडूच्या पाकळ्या टाकत आणि मूठभर अक्षता उधळत. तराजूला झटकले की तो मोकळा. माझ्या कुशीला मात्र श्वास घ्यायची जाळी आहे. हे सगळे तिच्यातून आत जाई आणि आतच कुजत पडे.

पुढे मी तापू लागलो, रेंगाळू लागलो. दुकानात नवा कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी घरी झाली. तिथे नानाजींच्या भावजयीने, कोकिळाबाईंनी, मला कशावर ठेवले असेल? दुधाच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण म्हणून. मांजराला ताट पाडता येई, माझे वजन मात्र त्याला हलवता येत नसे. खालून वाफ, कडेला साय, सायीला मुंग्या. मग एक झुरळ आले आणि त्याने माझ्या आत संसारच थाटला. ती गुदगुली आठवली तरी अजून किळस येते.

त्यातून मला बाहेर काढले मोहिनीने. ती कोकिळाबाईंची लेक. तिला कचेरीत लिपिक व्हायचे होते आणि त्यासाठी मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायला हवी होती. सेलूच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर जेमतेम अर्धा तास हाती येई. मोबाइलवर अंगठ्याने बडवून दहा बोटांचा सराव होत नाही.

"आई, मले हा पाह्यजे," ती म्हणाली.

"अवं, झुरळं हायेत त्याच्यात. अन् दुधावर काय झाकू मी?"

"ताट झाक, त्याच्यावर वरवंटा ठेव."

मोहिनीने नाकाला ओढणी बांधली आणि जुन्या टूथब्रशने मला घासायला घेतले. तिच्या कपाळावरची किळसेची आठी मला दिसत होती. लाज मला वाटली, वाटायला हवी होती दुसऱ्यांना.

मग तिने पेनड्राइव्हवर एक हलकी ऑपरेटिंग सिस्टीम आणली, लिनक्सची. माझी जुनी सिस्टीम माझ्या जिवावर उठली होती. मी सुरू होईपर्यंत माणूस चहा करून, पिऊन, कप विसळून येई. ही नवी साधीसुधी, थोडक्यात भागवणारी. बटण दाबले आणि मी लगेच उजळलो. मोहिनी टाळ्या पिटत हसली. मला पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटले.

पण पानभर टाइप होते न होते तोच मी तापलो आणि बंद पडलो. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. मोहिनी रडकुंडीला आली.

"पूजा कुठी केली त्याची दोन वर्षं? रुसला तो," नानाजी म्हणाले. "या दसऱ्याले करतो बरोबर. मंग पाय कसा चालते."

मोहिनीने ऐकून घेतले आणि पेचकस आणला. माझे स्क्रू सोडवून, पोट उघडून आतली घाण तिने ताटलीत काढली आणि ताटली नानाजींसमोर ठेवली. काळ्या पडलेल्या अक्षता, कुंकवाचा चिखल, सुपारीची चुरी, झुरळाचे पाय.

नानाजींनी नाक दाबले. "हे कुठून काढलं वं?"

"याच्या पोटातून, मोठेबाबा. तुमची पूजा हाय ही."

ते उठून गेले. दोन दिवस ते पुतणीशी बोलले नाहीत. इकडे माझा पंखा मोकळा फिरू लागला होता. मोहिनी तासन्‌तास टाइप करी आणि मी गार राही.

दसरा आला. परीक्षा तोंडावर होती. मोहिनी अंगणात रांगोळी काढत होती, खोलीत मी एकटाच, चालू ठेवलेला. नानाजी तबक घेऊन आत आले. गालात खर्रा, मुठीत अक्षता. या पुन्हा आत गेल्या, तर ऐन परीक्षेत मोहिनीचा सराव थांबणार होता. मला ओरडता येत नाही. मी नुसता पंखा फिरवत राहिलो.

मूठ माझ्यावर आली आणि तशीच थांबली. नानाजी तो आवाज ऐकत उभे राहिले. मग त्यांनी अक्षता तबकात ठेवल्या आणि ते न्हाणीकडे गेले. खळखळून चूळ भरल्याचा आवाज आला, मग साबणाने हात चोळल्याचा. परत येऊन त्यांनी हाक मारली.

"मोहिनी, इकडं येजो."

तिच्या कपाळाला त्यांनी कुंकू लावले. अक्षता तिच्या डोक्यावर टाकल्या. "पेपर चांगला जाऊ दे पोरी."

तिच्या केसांतून चार दाणे घरंगळून माझ्या बटणांवर पडले. नानाजी खाली वाकले आणि त्यांनी ते स्वतः एकेक करून वेचले.

मित्रांनो, यंत्राला नमस्कार जरूर करा, पण लांबून करा. ज्याच्याकडून काम घेता, त्याला मोकळा श्वास घेऊ द्या. एवढेच माझे मागणे आहे. नानाजींच्या खिशात खर्ऱ्याची नवी पुडी आहे, मला वास येतो आहे. पण माझ्याजवळ येताना ते आता हात धुऊन येतात. तुमचे दाखवा बरे.