गाऱ्हाणं सुरू, चावीही सुरू

मी एक जुनी मोटार आहे. म्हातारी म्हटलेलं मात्र मला खपत नाही, मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते. बाहत्तर साली मी कोकणातल्या कसालच्या या अंगणात आले. या घरातला सत्यवान तेव्हा शाळकरी होता. मला पुसायला मिळावं म्हणून भावंडांशी भांडायचा. पुढे तोच माझा सारथी झाला. खारेपाटणच्या बाजारापर्यंत मी आंब्याच्या पेट्या नेल्या, कितीतरी नवऱ्या मुली सासरी पोचवल्या. काय कौतुक होतं तेव्हा माझं!

माझं दुखणं एकच, ठिणगी पाडणारे दोन इवलेसे पॉइंट. दमट हवेने ते काळे पडायचे. सत्यवान पॉलिश पेपरने घासायचा, काडेपेटीच्या पुठ्ठ्याने त्यांच्यातली फट मोजायचा, की मी पुन्हा सुरू. पण गेल्या महिन्यात फोंडाघाटात, ऐन वळणावर मी बंद पडले. मागून भरलेला ट्रक आला आणि वीतभर अंतरावर कसाबसा थांबला. आत सत्यवानची बायको सुगंधा होती. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

"आयेचो जीव वाचलो ता नशीब," थोरला मुलगा जितेंद्र म्हणाला. "शनिवारी चार वाजता भंगारवालो येतलो."

"माका शनिवार दुपारपर्यंत दी," धाकटी भक्ती म्हणाली. "सुरू झाली नाय, तर मी गप रवतंय."

भक्तीने मोटार मेकॅनिकचा कोर्स केला आहे. शनिवारी सकाळी तिने माझे पॉइंट काढले आणि त्यांच्या जागी सुपारीएवढी काळी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवली. घासायला नको, फट मोजायला नको. सोबतचा कागद तिने तीनदा वाचला. त्यावर तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं : इंजिन बंद असताना चावी सुरू ठेवू नये, पेटी जळेल.

साडेतीन वाजले. आमच्या घरात नवं काम देवाला गाऱ्हाणं घालून सांगितल्याशिवाय होत नाही. सत्यवानने हातात नारळ घेतला, चावी फिरवून माझ्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा लावला. दिवा लावून गाऱ्हाणं, मग इंजिन, ही त्याची पन्नास वर्षांची रीत. माझे बिचारे पॉइंट तेवढं सोसायचे.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वेशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे हात जोडून म्हणाले.

भक्तीने तांबड्या अक्षरांचा कागद उचलला. "बाबा, चावी..." ती पुटपुटली.

"गप गो! गाऱ्हाण्यात मधी बोलूचा नाय," सुगंधाने डोळे वटारले.

सत्यवान ग्रामदेवतेकडून राखणदाराकडे गेला, तिथून पूर्वजांकडे. आणि त्याचे पूर्वज काय थोडे! ठिणगीला वीज पुरवणारी माझी कॉइल तापली, पेटी चटके देऊ लागली. अरे, कुणीतरी बघा रे माझ्याकडे! पण मला कुठे बोलता येतं? रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. भंगारवाला वेळेआधीच आला होता.

सत्यवानने श्वास घेतला, आणि तेवढ्यात भक्तीने डोळे मिटून खणखणीत आवाज लावला :

"बा देवा म्हाराजा! आमच्या बाबाक आधी चावी बंद करूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे ओरडले. सत्यवानसुद्धा.

सत्यवानने मुलीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मुकाट्याने चावी बंद केली. भक्तीने पेटीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. पेटी थंड होईपर्यंत पाव तास सगळे माझ्याभोवती उभे होते. टेम्पोवाला घड्याळ बघत होता.

"आता स्टार्टर मार," भक्ती म्हणाली.

पहिल्यांदा मी नुसतीच खाकरले. जितेंद्रने मान फिरवली. दुसऱ्यांदा ठिणगी पडली, आणि मी अशी काही गुरगुरले की टेम्पोवाला दोन पावलं मागे सरला! सत्यवानने बॉनेटवर कपाळ टेकलं. सुगंधा कधी नव्हे ती मोठ्याने रडली. जितेंद्र म्हणाला, "चल, फोंड्यापर्यंत बघूया. पण आज आये घराक रवात." टेम्पो रिकामा गेला.

आता सत्यवान नारळ हातात घेण्याआधी चावी खिशात घालतो. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं जुनं, मुकं कुणी असेल. नवं काही बसवलंत तर त्याचा कागद नीट वाचा. आणि ते आतून जळतंय असं दिसलं, तर गाऱ्हाणं सुरू असलं तरी बोला. आम्हाला स्वतःसाठी बोलता येत नाही.