झूमागुलच्या वाट्याचा नमदा

“अगं बातिना, टाक ना ते बोचकं टपावर! जड लेकरासारखं मांडीवर काय घेऊन बसलीस?” जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या साकिन जाऊबाई करवादल्या.

“टपावर धूळ लागते,” मी म्हटलं. मांड्या केव्हाच्या बधिर झाल्या होत्या.

बोचक्यात माझ्या लेकीच्या, झूमागुलच्या वाट्याचा नमदा, दाबलेल्या लोकरीचा जाड गालिचा, होता. लाल आणि काळ्या लोकरीचे दोन थर एकावर एक ठेवून आमच्याकडे सुरी एकदाच चालवतात. शिंगांची नक्षी दोन्हींतून एकदमच सुटते. मग लालात काळी बसवायची, काळ्यात लाल. एका कापणीत दोन नमदे. एक आईचा, एक लेकीचा.

माझा मी शिवला. तिचा शिवायच्या आधीच ती डोंगरापलीकडच्या एका ट्रकवाल्याबरोबर पळून गेली. मी तिच्या नमद्याचे तुकडे पोत्यात कोंबले. निरोप आले, माणसं आली, नातीला पाळण्यात घालायच्या दिवशी बोलावणंही आलं. मी जागची हलले नाही. राग तेवढा माझा टिकाऊ निघाला. बारा वर्षांनी, यंदा बर्फ वितळल्यावर, पोतं उघडलं आणि शिवायला बसले. फार उशीर केला, हे तेव्हाही कळत होतं.

दुपारी आम्ही कुरणावर पोचलो. झूमागुल तंबूच्या दारात घोडीचं दूध घुसळत होती. ती रडली नाही, भांडलीही नाही. हात पुसून तिनं नमदा उलगडला आणि पालथा करून पाहिला.

“हे टाके तुझे नाहीत.”

“माझेच गं. आता डोळ्यांनी दिसत नाही, वाकडे पडतात.”

“तेव्हा दिसत होतं ना?”



आत शिरल्यावर सवयीनं मी उजवीकडे वळले. चुलीपाशी बटाटे पडले होते, सुरी होती. बसले आणि एक सोलायला घेतला. झूमागुलनं हळूच माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

“इथं घरातल्या बायका बसतात,” ती म्हणाली. “पाहुण्यांची जागा वर आहे.”

कोपराला धरून तिनं मला दारासमोरच्या मानाच्या जागी नेलं. खाली चार गोधड्या घातल्या, पाठीशी उशी ठेवली. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बघ, लेक केवढा मान देतेय!” साकिन जाऊबाई खूष झाल्या.

झूमागुलनं घोडीच्या दुधानं काठोकाठ भरलेला वाडगा पुढं केला. पाहुण्यानं घ्यावा तसा मी तो दोन्ही हातांनी घेतला.