टपालखर्च वेगळा

‘फुकट’ या शब्दात एवढं काय असतं, हे उल्काला एकदा बघायचंच होतं. म्हणून तिनं एकच वस्तू दोनदा विकायला ठेवली.

वस्तू म्हणजे वातींचा श्रावणसंच. तुपात भिजवलेल्या फुलवातींची डबी, तेलवाती, गेजवस्त्रं आणि कापसाची एक माळ. खराडीच्या कंपनीतली नोकरी सोडून तिनं पुण्यातच बिबवेवाडीतल्या घरात दुकान थाटलं होतं, आणि ते दुकान मावत होतं फोनमध्ये. वाती वळायच्या सासूबाईंनी, म्हणजे कुसुमताईंनी, आणि विकायच्या उल्कानं. नवरा पुष्कर तसा भला माणूस, पण त्यानंही स्पष्ट सांगून टाकलं होतं: श्रावण संपेपर्यंत दुकान आपल्या पायावर उभं राहिलं तर उत्तम, नाहीतर मुकाट्यानं परत खराडी. तिथली साहेबीण अजून तिच्यासाठी जागा राखून बसली होती. उल्काला परत जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

ज्या साइटवर ती माल विकायची, तिथं वस्तू मांडायचेही पैसे पडत. आता त्यांनी नवं आमिष दाखवलं होतं. वस्तूखाली ‘मोफत टपाल’ असं लिहा, मांडायची फी निम्मी करतो, वर तुमची वस्तू सगळ्यांच्या आधी दाखवतो.

“फुकट म्हणजे टपालाचे पैसे कोण भरणार?” वात वळता वळता कुसुमताईंनी विचारलं.

“आपण.”

“अरे वा. दानधर्म सुरू केलास की काय?”

“नाही हो आई. तेवढी किंमत वाढवायची.”

“म्हणजे घ्यायचं तिच्याकडूनच, आणि तिलाच सांगायचं फुकट दिलं म्हणून. छान शिकवलं हो खराडीनं.”

उल्काला हसू आलं, पण डोक्यात किडा वळवळला तो वळवळलाच. तिनं एक संच कमी किमतीत मांडला, टपाल वेगळं. दुसरा मांडला टपाल धरून, आणि खाली लिहिलं ‘मोफत’. बेरीज दोन्हीकडे तीच. आणि काय सांगावं! लोकांनी मोफतवर उड्या टाकल्या. पहिल्याकडे ढुंकूनही बघेनात. उल्कानं फोन कुसुमताईंपुढे धरला आणि विचारलं, तुम्ही यातला कुठला घ्याल? त्यांनी चष्मा वर केला, बेरीज केली, दोन्ही सारखेच म्हणाल्या, आणि बोट ठेवलं मोफतवर.

“अहो, पण आत्ताच तर तुम्ही...”

“बरं वाटतं गं वाचायला,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा कापूस ओढू लागल्या.

झालं, उल्कानं सगळेच संच मोफत टपालात घातले. मागणी वाढली, शाबासक्याही येऊ लागल्या. एकीनं लिहिलं, ‘वाती सुरेख. खोकं उघडलं आणि माहेरून काहीतरी आल्यासारखं वाटलं.’ उल्काला नवल वाटलं. खोकं साधंच तर होतं, पुठ्ठ्याचं. पण स्तुती कोणाला नको असते? तिनं पुष्करला दोनदा वाचून दाखवलं.

आणि मग कुरिअरची बिलं आली, आणि सगळ्याचा बोऱ्या वाजला.

कुरिअरचा दर अर्ध्या किलोपर्यंत एक आणि त्याच्या वर गेलं की थेट किलोचा. उल्का प्रत्येक खोकं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्यायची. अर्ध्या किलोच्या आत, अगदी काठावर. आणि ही मंडळी म्हणत होती, वर गेलं. एखाददुसरं नव्हे, एकूण एक खोकं. फीमध्ये जे वाचलं ते कधीच उडालं होतं, आणि आता प्रत्येक संचामागे पदरचं जात होतं. अशानं श्रावण संपायच्या आधीच दुकान संपायचं.

खोकी न्यायला रोज दुपारी उत्तरेश्वर यायचा. धाराशिवकडचा पोरगेला गडी. उल्कानं त्याला दारातच धरलं.

“ताई, मशीन काय माझ्या बापाचं हाय का?” तो म्हणाला. “आकडा दिसतो त्यो मी सांगतो.”

तेही खरंच. मग काय असेल? एकदा शंका आली की उल्काला चैन पडत नसे. तिला वाटलं, पावसाळी हवा, कापूस पाणी ओढत असणार. तिनं वातींचा एक जुडगा काट्यावर घेतला, गॅलरीत दिवसभर टांगून ठेवला, पुन्हा तोलला. काटा जरासा हलला, पण एवढ्यानं काय होणार? मग तिनं काट्यावरच संशय घेतला आणि वाण्याकडून बंद पुडा आणून त्यावर ठेवला. काटा शहाणा निघाला. पुष्कर म्हणाला, सोडून दे, कुरिअरवाले चोर असतात. त्याचं असं सगळं झटपट असतं. उल्कानं सोडलं नाही.

एके दिवशी उत्तरेश्वरची गाडी बंद पडली आणि तो आलाच नाही. एरवी उल्का सकाळी खोकी भरायची, तोलायची आणि मार्केट यार्डाकडे सामानाला जायची. चिकटपट्टी लावणं हे कुसुमताईंचं काम. उल्काच्या हातात ती पट्टी नेहमी गुंडाळून बसायची. त्या दिवशी ती परत आली तर बंद खोकी तशीच दाराशी. तिनं सहज एक उचलून काट्यावर ठेवलं.

अर्ध्या किलोच्या वर!

चिकटपट्टीला एवढं वजन असतं? तिनं सुरी घेतली आणि खोकं कापलं. वातींच्या वर, अगदी मधोमध, वर्तमानपत्राची एक पुडी होती. पुडीत मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड, एक खारीक.

ओटी.

तिनं मान वर केली तर कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

“सगळ्यात घालता?” उल्कानं विचारलं. आवाज चढलाच होता, खोटं कशाला बोला.

“बायकांच्या घरी जातं गं,” त्या म्हणाल्या. “श्रावणाच्या वाती. रिकामं कसं पाठवायचं?”

“अहो, पण सांगायचं तरी मला! मी इथं कापूस टांगून बसलेय!”

कुसुमताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. आणि तेव्हा कुठं उल्काच्या ध्यानात आलं, की सासरे गेल्यापासून तिनं या बाईंना कोणाची ओटी भरताना पाहिलंच नव्हतं. सोसायटीतलं हळदीकुंकू असलं की त्या कॉफीचे कप भरून द्यायच्या आणि आतल्या खोलीत थांबायच्या. सोसायटीत एवढ्या शिकलेल्या बायका, पण त्या आत का थांबतात हे कोणी विचारलं नव्हतं. उल्कानंही नाही.

“मला कोणी नाही म्हणत नाही हं,” कुसुमताई हळूच म्हणाल्या. “मीच मागं राहते. मग कोणी ये म्हणत नाही. इथं बरं होतं. खोकं जातं लांब. तिथं कोणाला ठाऊक, पुडी बांधणारी कोण ते?” जराशानं त्या म्हणाल्या, “घेणाऱ्या बायकांना न सांगता घालते, ते काही बरं नाही. कळतं मला. तू किमतीत लपवतेस, मी खोक्यात लपवते. उद्यापासून बंद करते. तुझं दुकान राहिलं पाहिजे.”

उल्कानं पुडी उचलून हातात घेतली. बंद केलं की झालं, खोकं परत अर्ध्या किलोच्या आत. मोफत टपाल राहील, निम्मी फी राहील, दुकानही राहील. हिशेब अगदी सरळ होता. आणि तो तिला मुळीच करवेना.

ती फोन घेऊन बसली. ‘मोफत टपाल’ काढून टाकलं. साइटनं लगेच बजावलं, की फीची सवलत गेली आणि वस्तूही आता मागं जाईल. जाऊ दे, म्हणाली. मग किंमत उतरवली आणि खाली लिहिलं:

‘टपालखर्च वेगळा पडेल. संचासोबत ओटी येईल, तिचे पैसे नाहीत. ओटी आमच्या सासूबाई स्वतः भरतात. आमचे सासरे आता नाहीत. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी मागवू नये.’

कुसुमताईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या एकदम खालीच बसल्या. “अगं बाई, हे असं चारचौघांत लिहितात का? कोणी घेणार नाही आता.”

“नाही तर नाही,” उल्का म्हणाली. म्हणाली खरी, पण दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघत राहिली.

आणि खरंच कोणी घेईना. एकीनं तर आधी मागवलेला संच रद्द केला, कारणही दिलं नाही. पुष्करनं ते वाचलं, आईकडे बघितलं आणि खराडीचा विषय काढायला उघडलेलं तोंड मिटलं. उत्तरेश्वर येऊन रिकाम्या हातानं जाऊ लागला. कुसुमताई वाती वळत राहिल्या, पण हात मंदावला होता.

मग शनिवारी फोन वाजला. साताऱ्याहून मागणी होती, चार संचांची. खाली निरोप होता:

‘आमच्या भजनी मंडळातल्या आम्ही चौघी तुमच्या सासूबाईंसारख्याच. आमचीही ओटी बरीच वर्षं कोणी भरलेली नाही. त्या आमची भरणार का, तेवढं आधी कळवा. टपालाचे पैसे भरले आहेत.’

उल्कानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, पण दुसऱ्या ओळीलाच थांबली. तिनं फोन कुसुमताईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, पुन्हा वाचलं. मग फोन ठेवून उठल्या, डोळे पुसले आणि तांदळाचा डबा खाली काढला.

चार कागद मांडले. पहिल्या कागदावर एक मूठ पडली, मग दुसरी, आणि हात तिसऱ्यांदा डब्यात गेला.

“आई, वजन वाढेल हं,” उल्का म्हणाली.

“वाढू दे,” कुसुमताई म्हणाल्या. “टपाल त्या भरतायत.”