आठ खोल्यांचं धाबं

वाशीमच्या म्युनिसिपालिटीने आपल्या कामगारांसाठी पहिली चाळ बांधायला घेतली, तेव्हा आठही खोल्यांवर पत्रे टाकायचे ठरले होते. ते हिरीबाईच्या कानावर आले. तिचा नवरा मदनसिंग म्युनिसिपालिटीची पाण्याची गाडी हाकायचा. मानोऱ्याकडचा तांडा सोडल्यापासून ते जिनिंग कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत. मागच्या वैशाखात त्या पत्र्याखाली तिची तान्ही पोर तापाने फणफणली होती, कशीबशी वाचली.

हिरीबाई बायकांना घेऊन ओव्हरसियर जानरावांकडे गेली. पत्रे नकोत, चुन्याचे सपाट धाबे घाला, ठोकायला आम्ही बसतो, असे त्यांचे म्हणणे. जानरावांनी कमिटीत शब्द टाकला. अट एवढीच, की धाब्यावर पाणी साठवून पाहायचे. गळले, तर पत्रे.

चुना, वाळू आणि विटांची खडी कालवून वर पसरली. गुळाचे आणि हिरड्याचे पाणी शिंपडत बायका लाकडी थापीने ठोकू लागल्या. खोल्या आधीच वाटून दिलेल्या. गावाकडे आपल्या घराचे धाबे आपणच नीट करायचे, दुसऱ्याच्या धाब्यावर पाय ठेवायचा नाही. त्या सवयीने जी ती आपल्या खोलीवर बसली. शेजारची खोली रस्त्यांवरचे कंदील लावणाऱ्या शफीकची. त्याची बायको हलिमा ठोकता ठोकता मधल्या भिंतीवरून हिरीबाईच्या खोलीकडे आली.

"हलिमाबी, माह्या घरावर काहून थापी मारून राह्यल्या?" हिरीबाई म्हणाली.

"फुकटची मजूर भेटली तुले, अजून काय पाह्यजे?" हलिमा हसली आणि मागे सरकली.

चुना घट्ट बसून थापी उसळू लागली, आवाज खणखणीत झाला, तसे काम थांबले. कडेने मातीची पाळ घालून पाणी भरले.

दुसऱ्या दिवशी हिरीबाई खोलीत शिरली. डोक्यावर छत कोरडे ठाक होते. मग तिची नजर हलिमाच्या बाजूच्या भिंतीकडे गेली. तिथून ओल खाली उतरत होती. ती धावत पुढच्या खोल्यांत गेली. तिथेही तेच, छत कोरडे, मधली भिंत ओली.

पत्रे स्टेशनावर येऊन पडलेत, एवढेच पाहणीला आलेले जानराव म्हणाले.

हिरीबाईला सगळे लख्ख दिसले. प्रत्येकीने आपल्या भिंतीपर्यंत ठोकले होते. भिंतीवर कोणाचीच थापी पडली नव्हती. एकीची पडत होती, त्या हलिमाला तिनेच हटकले होते.

"साहेब, आमी आपापलं घर ठोकलं," ती म्हणाली. "भितीवरचं रायलं. एक डाव अजून द्या. आता घर पाहून नाई ठोकणार."

जानरावांनी तो डाव दिला. भिंतींवरचा कच्चा चुना खरवडून नवा भरला. या वेळी बायका एका टोकाला एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून बसल्या आणि ठोकत ठोकत एकदमच मागे सरकत गेल्या.

"आता कोणाच्या घरावर हाय मी?" हलिमाने विचारले.

"इचारू नका. मारा थापी."

पुन्हा पाणी भरले. चिमण्या येऊन त्यात न्हाऊन गेल्या, उन्हाने पाणी आटले, पण खाली भिंतीवर थेंब उतरला नाही. स्टेशनावरचे पत्रे गुरांच्या कोंडवाड्यावर चढले.

पुढे तांड्यावरून कोणी पाहुणा आला, की हिरीबाई त्याला आधी वर न्यायची. तू कोणता भाग ठोकलास, असे कोणी विचारले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवायची आणि म्हणायची,

"पुरं धाबं."