रानातून येणारं उत्तर

रानात काहीतरी आहे, ही बातमी बदकिणीने आणली. तिने आणलेली बातमी खरं तर एवढीच होती, की तळ्यापलीकडचं एक झाड मोडून पडलंय. बाकीचं गोठ्यात तयार झालं. कोंबड्यांनी झाड मोडणाऱ्याला नखं दिली, गाढवाने दात दिले, आणि संध्याकाळी दूध काढायच्या वेळेपर्यंत त्याच्या कपाळावर एक लालभडक डोळाही फुटला. तो कोणी पाहिला, हे विचारायची सोय नव्हती. ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे मान वळवायचा.

"वाऱ्याने पडलं असेल," म्हैस रवंथ करत म्हणाली. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. "झाड म्हातारं होतं."

"वाऱ्याला दात असतात का, मावशी?" गाढव म्हणालं. दातांची गोष्ट दुपारी त्यानेच सांगितली होती, पण एव्हाना त्यालाही ती खरी वाटायला लागली होती.

चांदी हे सगळं कान टवकारून ऐकत होती. चांदी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली शेळी, कळपाची पुढारीण. तिच्या गळ्यात घंटा होती. कुंपणाबाहेरचा उतार रानाला लागून होता आणि सकाळी तिथे धुकं उतरायचं, म्हणून मालकिणीने ती बांधली होती. करडांना उभं राहता आलं की पहिला धडा तोच मिळायचा : कोणी दिसेनासं झालं तर पळायचं नाही, थांबायचं, घंटा ऐकायची आणि घंटेकडे यायचं. चांदीच्या करडाला या धड्याची कधी गरज पडली नव्हती. ते सदैव तिच्या मागच्या पायांना चिकटलेलं असायचं, म्हणून सगळे त्याला शेपट्या म्हणत.

त्या रात्री चांदीच्या मनात एक विचार आला. घंटा करडांना ऐकू येते, तशी ती रानातल्या त्यालाही ऐकू येत असणार.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी तिने मान चिखलात दाबली, इकडून तिकडे घासली आणि उठली. चिकणमाती घंटेत गच्च बसली. उन्हात वाळल्यावर तर लोलक हलेचना. बाकीच्या शेळ्यांनी तिच्या अकलेची तारीफ केली. चांदीलाही जरा बरं वाटलं. त्या दिवशी कळप उतारावर चोरासारखा चरला.

तिसऱ्या सकाळी दाट धुकं उतरलं. चांदी दोन पावलं चालायची, थांबायची, रानाकडे कान लावायची. वाळकं पान पडलं तरी तिच्या अंगावर काटा येत होता. पुढचं ऐकण्याच्या नादात मागचं ऐकायचं राहिलं. धुकं विरलं, तेव्हा तिच्या मागे कोणी नव्हतं.

ती ओरडली. उतारावर वर-खाली धावली. रानाच्या कडेला तिला त्याच्या खुरांचे ठसे दिसले, दोन-चारच, आत जाणारे. ती तिथेच उभी राहिली. पुढे पाय टाकायचा, टाकायचा असं मनाशी म्हणत राहिली आणि पाय काही उचलला नाही. मालकीण काठी घेऊन आली, तिनेही हाका मारल्या, रानात थोडं आत जाऊन आली. मग सगळ्या शेळ्यांना आत घेऊन तिने फाटक लावलं.

"नेलं त्याने," गाढव हळू आवाजात म्हणालं. "आता चटक लागली. उद्या दुसरं कोणीतरी."

गोठ्याची पाचावर धारण बसली. कोंबड्या दिवसाढवळ्या खुराड्यात जाऊन बसल्या. घराची राखण करणारा कुत्रा गाडीखाली शिरला आणि तिथूनच राखण करू लागला. शेवटी गाढवानेच तोड काढली. आपण पुष्कळ आहोत हे त्याला कळलं पाहिजे. दिवस मावळताना सगळ्यांनी कुंपणाजवळच्या पाण्याच्या कुंडीपाशी जमायचं आणि एकदम, एका दमात, जीव खाऊन ओरडायचं.

"म्हणजे आपण इथे आहोत हेही त्याला कळेल," मावशी म्हणाली.

"वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. मग ओरडून तरी घेऊ," गाढव म्हणालं.

दिवसा घंटेचं तोंड बंद ठेवायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून गळा काढायचा, यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. भीती डोक्यात शिरली की आधी अकलेला हाकलून जागा करते.

सूर्य टेकला आणि ते ओरडले. म्हैस रेकली, गाढवाने नेहमीप्रमाणे शेवटी दोन उचक्या घेतल्या, कुत्रा गाडीखालून भुंकला, बदकांनी आणि कोंबड्यांनी कल्ला केला. चांदीचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. तिला राक्षसाला भिववायचं नव्हतं. तिच्या पोटात जे तुटत होतं तेच बाहेर येत होतं.

ते थांबले. आणि रानातून उत्तर आलं.

लांबलचक, घोगरा, पोकळ आवाज. आधी एकदा, मग तोच पुन्हा, खोल विहिरीतून आल्यासारखा. कुंडीपाशी एकही जण उरला नाही. चांदी गोठ्याच्या भिंतीला अंग दाबून उभी राहिली. या आवाजाने माझं लेकरू खाल्लं, एवढंच तिला कळत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी ते आणखी मोठ्याने ओरडले. उत्तरही आणखी लांबलं.

मालकीण एक गोष्ट मात्र रोज करत होती. दूध काढताना ती चांदीचा एक सड तसाच सोडायची. तो शेपट्याचा वाटा. करडू हरवलं त्या दिवशी तिने तो सोडला, दुसऱ्या दिवशीही सोडला. सड ठणकायचा, चांदीला बसवत नसे, पण त्या ठणक्याचा तिला आधार होता. कोणीतरी अजून तिच्या लेकराचं दूध राखून ठेवत होतं.

तिसऱ्या सकाळी मालकिणीचा हात थांबला नाही. तिने पहिला सड काढला, जरा वेळ बादलीकडे बघत बसली आणि मग दुसऱ्याला हात घातला.

"आता कोणासाठी ठेवायचं, बाई?" ती म्हणाली, आणि चांदीच्या पाठीवर थोपटून निघून गेली.

चांदीला सगळं अंग रिकामं झाल्यासारखं वाटलं. दुपार उलटल्यावर ती कुंपणाच्या खालच्या फटीपाशी गेली. मावशी तिथे उभी होती.

"जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही," मावशी म्हणाली. "पण मी येणार नाही. मला भीती वाटते."

"मलाही वाटते, मावशी," चांदी म्हणाली आणि फटीतून सरपटत बाहेर गेली.

रानात चांगला उजेड होता आणि त्यानेच जास्त भीती वाटत होती, कारण प्रत्येक बुंधा स्पष्ट दिसत होता आणि प्रत्येकामागे कोणीतरी उभं असू शकत होतं. मोडलेलं झाड लागलं. त्याच्या पोटात नुसता भुसा होता, वाळवीने केलेला. ते बघून तिचा धीर वाढायला हवा होता. वाढला नाही. ती चालत राहिली, ऊन पिवळं झालं, आणि झाडांच्या मधोमध चुन्याची एक जुनी भट्टी दिसली. दगडी, गोल, एका बाजूला काळं तोंड.

तेवढ्यात तो ओरडला.

पण समोरून नाही, मागून. तिच्या पाठीमागून, ती जिथून आली तिथून. अनेक गळ्यांचा एक गळा, ऊर फोडून, झाडांवर आपटत आपटत अंगावर येणारा. चांदी जमिनीला चिकटली. संपलं, तिने मनात म्हटलं, याने घरी जाऊन सगळ्यांना खाल्लं. आवाज चढला, उतरला आणि शेवटी दोन उचक्या देऊन थांबला.

दोन उचक्या.

चांदीने हळूच डोकं वर केलं. अशा उचक्या जगात एकाच गाढवाच्या होत्या.

आणि मग भट्टीच्या काळ्या तोंडातून तो लांब, घोगरा, पोकळ आवाज निघाला. इतक्या जवळून ऐकला, तेव्हा त्याच्या आत एक बारीक, ओळखीचा सूर लागला. ओरडून ओरडून बसलेला गळा होता तो. त्याला मोठं करत होती ती भट्टी.

तिने गळ्यातली घंटा दगडावर आपटली. एकदा, दोनदा, मान सोलवटून निघेपर्यंत. मातीचा खडा सुटून पडला आणि घंटा वाजली.

आतला आवाज थांबला. अंधारातून दोन डोळे दिसले, अगदी जमिनीलगत.

"शेपट्या," ती म्हणाली. "ये."

तो आला नाही. आणखी आत सरकला.

"तू कुठून बोलतेस?" त्याने विचारलं. त्याचा आवाज फाटला होता. "बाहेरून की त्याच्या पोटातून?"

"कोणाच्या पोटातून?"

"राक्षसाच्या. धुक्यात चुकून रानात खूप आत आलो आणि तिथे थांबलो होतो, आई. घंटा वाजलीच नाही. मग मी घराकडे यायला निघालो, तर तो तिकडेच होता. रोज दिवस मावळला की ओरडतो. मी पळून इथे आलो. मी तुला हाका मारायचो आणि तू त्याच्या आतून ओरडायचीस. सगळ्यांत मोठ्याने. मला वाटलं, त्याने तुला गिळलं."

चांदी भट्टीच्या तोंडाशी आडवी झाली आणि पोट त्याच्याकडे केलं. सकाळीच रिकामे केलेले सड, पण तो लुचायला लागला तसा थोडा पान्हा उतरला. तो तहानेल्यासारखा पीत राहिला, आणि तिने त्याच्या पाठीचं एकेक हाड चाटून मोजलं.

निघायच्या वेळी पुन्हा कुंपणाकडून ओरडणं सुरू झालं. मघाशी रानातलं उत्तर अर्ध्यात तुटलं होतं, तेवढ्यावर कुंडीपाशी सगळ्यांना चेव आला असावा. शेपट्या तिच्या पोटाखाली शिरला.

"ऐक," ती म्हणाली. "तो जाडा आवाज मावशीचा. तुटक तुटक भुंकतोय तो आपला कुत्रा, गाडीखालून. त्या बदकिणी. आणि आता शेवटी उचक्या येतील, बघ."

उचक्या आल्या. शेपट्याने बराच वेळ कान लावले.

"आज त्याच्यात तू नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"मग रोज कोण होतं?"

"मीच होते," चांदी म्हणाली. "मीच, बाळा."

ती उठून चालायला लागली. दर दोन पावलांवर मान मुद्दाम हलवत होती, आणि तो तिच्या मागच्या पायांना चिकटून येत होता.