माप कमी आहे

वजनमाप निरीक्षकाने दारू सोडली.

हे वाक्य घाईत लिहून झालं. ते आपण वाचलंच नाही असं समजून पुढे जाऊ. कारण या घडीला निरीक्षक बुटांसकट पलंगावर आडवा आहे, ऑफिसातून फोन आलाय आणि त्याची दहा वर्षांची मुलगी सांगते आहे, "बाबा आंघोळीला गेलेत."

बाबा गेली दोन वर्षं आंघोळीलाच जात होते. त्यांच्याइतका स्वच्छ माणूस खात्यात दुसरा नाही, असा ऑफिसात समज पसरला होता.

फोन ठेवून मुलगी गृहपाठाला बसली. तिचा आवाज जराही अडखळला नव्हता, आणि नेमकं तेच तिच्या आईला खटकलं. आईचं कपडे अल्टर करण्याचं दुकान होतं. उसवलेलं बेमालूम शिवायचं हा तिचा धंदा, आणि घरातही ती तेच करत आली होती. संध्याकाळी नवरा उठून बसल्यावर तिने शांतपणे सांगितलं, की पोरगी यापुढे एकदा जरी खोटं बोलली, तर आम्ही दोघी दादाकडे निघालो, परत यायचं की नाही ते तिथे ठरवू. शिवाय दर गुरुवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते, घरच्यांनाही बसू देतात, तिथे ती जाणार होती.

"पितो मी, आणि जाणार तू?" निरीक्षक म्हणाला.

"कुणीतरी जायला हवं ना."

निरीक्षकाला आता एकच घोर लागला. ही तिथे काय काय सांगणार? बायका वाढवून सांगतात, असं त्याचं ठाम मत होतं. हा माणूस आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासत आलेला. काटा केसभर सरकलेला दिसला तरी त्याला झोप येत नसे, मग झोप यावी म्हणून तो घेत असे. तेव्हा गुरुवारी तोही तिच्या मागोमाग निघाला. दारू सोडायला नव्हे, हरकत नोंदवायला.

वळणावर बायको दिसेनाशी झाली. बैठकीला पाटी नव्हती. दारूच्या दुकानाची पाटी कशी, दोन गल्ल्या आधीपासून डोळे मिचकावते! कुणाला विचारावं, तर लाज वाटते. भर रस्त्यात झिंगत चालताना त्याला कधी लाज वाटली नव्हती, पण दारू सोडायची जागा विचारायची म्हणजे चारचौघांत अब्रू गेलीच. शेवटी त्याने कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला टायरचा भाव विचारला.

"वरच्या मजल्यावर," टायरवाला मान वर न करता म्हणाला. "ड्रायव्हिंग स्कूलच्या खोलीत. नवीन माणूस आला की आधी टायरचाच भाव विचारतो. गाडी आहे का तुमच्याकडे?"

गाडी नव्हती. निरीक्षक जिना चढला.

भिंतीवर रहदारीच्या खुणांचे तक्ते होते आणि गोल मांडलेल्या खुर्च्यांवर आठदहा माणसं. बायको बोलत होती.

"वाईट नाहीत हो ते. कधीतरी दमून आले की घेतात थोडीशी. एखादा ग्लास."

निरीक्षक दारातच थबकला. एखादा ग्लास! जिथे लोक खरं बोलायलाच येतात, तिथेही ती त्याला झाकत होती. दुसरा एखादा खूश होऊन परत फिरला असता. पण डोळ्यांदेखत कुणी काटा मारावा आणि याने गप्प बसावं, असं अजून घडलं नव्हतं.

"माप कमी आहे," तो म्हणाला.

सगळे वळले. बैठक चालवणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं, आपण कोण?

"तो एखादा ग्लास घेणारा."

"मग बरोबर माप तुम्हीच सांगा." बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.

तपासणीचा अहवाल वाचावा तशा आवाजात त्याने सांगायला घेतलं. एक बाटली ऑफिसच्या कपाटात, प्रमाणित वजनांच्या पेटीमागे. एक घरी, माळ्यावरच्या बादलीत. सकाळी हात थरथरतो म्हणून कित्येक तराजूंवर न तपासताच मारलेला शिक्का. यातलं निम्मंही बायकोला ठाऊक नव्हतं. मग तो मुलीच्या फोनपाशी आला आणि अहवाल अडकला.

"आता ती अडखळत नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदा अडखळली होती."

कुणी त्याची समजूत काढली नाही. डॉक्टरबाईंनी स्वतःचं सांगितलं. त्या कित्येक वर्षं मास्कआड प्यायल्या, आणि पेशंटला वास आलाच तर त्यांची नर्स म्हणायची, औषधाचा आहे. मग त्या बायकोकडे वळल्या.

"ताई, किडक्या दाताला रोज दुखणं थांबवायची गोळी दिली, तर माणूस खूश आणि कीड त्याहून खूश. तुम्ही माया करता ती यांना पोचतच नाही, किडीला पोचते. झाकू नका. आणि साहेब, उद्या आधी दवाखाना गाठा, शरीर असं एकाएकी ऐकत नाही. बाकी फक्त आजचा दिवस सांभाळा."

ते दोघं घरी आले तेव्हा फोन वाजत होता. मुलगी सवयीने उठली. निरीक्षकाने तिच्या आधी तो उचलला.

"मीच बोलतोय, साहेब. आंघोळीला जात नव्हतो. पीत होतो."

साहेब म्हणाले, "बरं, मग उद्या आंघोळ करून या."

मुलगी बापाकडे बघत तशीच उभी राहिली. मग येऊन त्याच्या शेजारी बसली.

नागरिकहो, आपल्याकडे माणूस उघड्यावर पितो आणि चोरून सोडतो. हे उलटं व्हायला हवं. आणि घरच्यांनी त्याच्या वतीने खोटं बोलणं म्हणजे मदत नव्हे, ते त्याचा ग्लास भरणंच झालं.

दवाखान्यातून परतल्यावर निरीक्षकाने कार्यालयात अर्ज केला. "महोदय, मी दारुडा असून, दर गुरुवारी बैठकीस जाण्यासाठी मला एक तास लवकर सोडावे. रजेच्या नियमांत हे कारण नसल्यास ते घालून घ्यावे. ही सवलत आजन्म लागणार असल्याने ती निवृत्तीनंतरही चालू ठेवावी, तसेच शेजारच्या टेबलांवरील तीन सहकाऱ्यांना, त्यांनी अद्याप मागितली नसली तरी, मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती."