अंधारात रडणारी माणसं

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे आणि सध्या माझं डोकं फार तापलेलं आहे. नुसत्या दिव्यामुळे नव्हे.

माझी उमेदीची वर्षं नोएडातल्या एका ऑफिसात गेली. रोज तेच आलेख भिंतीवर दाखवायचे आणि लोकांच्या जांभया बघायच्या. पुढे नवा प्रोजेक्टर आला आणि मी अडगळीत पडलो. तिथल्या सुधाकररावांनी मला उचलून दिल्लीच्या द्वारका भागातल्या आपल्या सोसायटीच्या मराठी मंडळाला दिलं. इथे माझे लाड झाले. क्रिकेटची मॅच असो की सिनेमा, माझ्यावाचून मंडळाचं पान हलत नसे.

खरा जीव लावला तो लतिकाकाकूंनी, म्हणजे सुधाकररावांच्या पत्नीने. दरवर्षी गणपतीत त्या मुलांचं नाटक बसवत. मागच्या पडद्यावर जंगल, समुद्र, चंद्र दाखवायचं काम माझं. तालीम संपली की त्या माझ्यावरची धूळ ओढणीने पुसत आणि मगच घरी जात.

गेल्या हिवाळ्यात काकू आजारी पडल्या. आधी झोपच उडाली. भल्या पहाटे लोकांना फोन करून नाटकाच्या नव्या कल्पना सांगू लागल्या. मग कित्येक आठवडे अंथरुणातून उठल्याच नाहीत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. औषधं सुरू झाली, काकू सावरल्या. तोवर मंडळाने त्यांना नाटकाच्या ग्रुपवरून गुपचूप काढून टाकलं होतं.

मागच्या रविवारी मंडळात एक सिनेमा होता. त्यातल्या आईला नेमका हाच आजार. काय रडले म्हणून सांगू सगळे. सुधाकररावांचा रुमाल ओलाचिंब झाला. दिवे लागल्यावर अध्यक्ष गुणवंतकाका उठले आणि म्हणाले, "अशा माणसांना आपण समजून घेतलं पाहिजे." टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या रांगेतून काकू उभ्या राहिल्या. "अच्छा. मग यंदाचं नाटक मी बसवू ना?"

गुणवंतकाका चष्मा पुसू लागले. "वहिनी, बिल्कुल बसवा, पण पुढच्या वर्षी. पेरेंट्सना जरा टेन्शन आहे."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने एक शब्द टाकला असता तरी पुरे होता. सुधाकरराव खाली बघत म्हणाले, "लतिका, घरी बोलू."

मला पाय नाहीत, नाहीतर तळपायाची आग मस्तकात गेली असती. पडद्यावरच्या आईसाठी गळे काढता आणि समोर उभ्या असलेल्या बाईला दार दाखवता? मी तापलो तर पंखा चालू ठेवता, जरा दम खाऊ देता, पुन्हा कामाला लावता. यंत्राला जेवढं समजून घेता, तेवढं माणसाला नाही. मोठ्यांनो, मला तुमची सगळ्यांची लाज वाटली.

काकू मात्र रडल्या नाहीत. "घरी काय बोलायचंय? गोळ्या मी रोज घेते. मला बरं नसेल तेव्हा मीच सांगेन, मग दुसऱ्या कोणी बसवा. शनिवारी संध्याकाळी मी इथे तालमीला येतेय. ज्यांना पाठवायचीत, त्यांनी मुलं पाठवा."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं आत्मकथेच्या शेवटी 'आम्हाला जपा' म्हणून विनवतात. मला तसलं काही नको. हवं तर भंगारात द्या. मुलांनो, तुम्ही फक्त शनिवारी तालमीला या. आईबाबा नको म्हणाले तर त्यांना एवढंच विचारा, की रविवारी अंधारात बसून तुम्ही नक्की कोणासाठी रडत होतात?